फ्रान्समधून भूमध्य समुद्राकडे : एका मोटारप्रवासाचं वेळापत्रक

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानासाठी माझं नाव निघालं तेव्हा मी सेक्रेटरींना विषय विचारला. ते म्हणाले, "रुळांवर आणि पुलांवर बोलू नका, ते आम्ही रोज ऐकतो. सहकुटुंब फ्रान्समध्ये गाडीने फिरून आलात ना, त्यावर बोला." आता मी पडलो डिप्लोमावाला, पर्मनंट वेचा माणूस. अलंकारिक प्रवासवर्णन मला जमायचं नाही. पण सहल आखली कशी, हे मी सांगू शकतो, कारण आखणी हा आपला रोजचा धंदा आहे. आणि पुलांबद्दल थोडं बोलणारच, त्याला इलाज नाही. आरतीच्या आत संपवतो.

परत आल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, खर्च किती आला? दुसरा, किती ठिकाणं 'कव्हर' झाली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे वेगळं. विमानाचं भाडं आणि राहणं ह्यातच मोठा भाग जातो, पेट्रोल आणि टोल त्यामानाने कमी. आपला पास फार तर मुंबईच्या स्टेशनापर्यंत कामाला येतो, पुढे नाही! मला बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

सहकाऱ्यांना ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गाडीचं वेळापत्रक करताना दोन स्टेशनांमधला नुसता धावण्याचा वेळ धरत नाहीत. कुठे रूळ बदलणं चालू असतं, कुठे पुलाचं काम असतं, तिथे आम्ही कॉशन ऑर्डर देतो आणि गाडी हळू जाते. त्यासाठी वेळापत्रकात आधीच काही मिनिटं राखून ठेवलेली असतात. त्याला 'इंजिनिअरिंग अलाउन्स' म्हणतात. प्रवाशाला ही मिनिटं दिसत नाहीत, पण ती नसती तर एकही गाडी वेळेवर पोचली नसती. माझं म्हणणं एवढंच, की सहलीच्या वेळापत्रकातही हा अलाउन्स आधी टाकावा आणि ठिकाणं मागाहून भरावीत. आपण नेमकं उलट करतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलं नाही. ते आईच्या गुडघ्यांमुळे आलं. आईने पंचवीस-तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. युरोपचा नकाशा ती फळ्यावर न बघता काढायची. वर फ्रान्स, खाली भूमध्य समुद्र, त्यात इटलीचा पाय. तो समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. आम्ही रिकरिंगचे पैसे जमवून जायचं ठरवलं तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती आणि एका जागी दीड तासाहून जास्त बसली की तिचे गुडघे धरत. नातेवाइकांनी सुचवलं, "तुम्ही तिघं जा, आईंना धाकट्याकडे ठेवा." टूर कंपनीच्या बसने जायचं म्हटलं तर रोजचे सात-आठ तास बसमध्ये, म्हणजे आई नाहीच. म्हणून स्वतः गाडी चालवायची, आणि नियम करायचा : सलग दीड तासापेक्षा जास्त चाक फिरणार नाही, दिवसाला एकूण चार तासांपेक्षा जास्त नाही. चालवणारा मी एकटाच होतो, त्यामुळे हा नियम माझ्याही भल्याचा होता. रनिंग स्टाफच्या ड्युटीला मर्यादा असते, मग रजेवर गेलेल्या ड्रायव्हरला का नसावी?

आता मार्गाबद्दल. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जायचे चार मुख्य मार्ग मला नकाशावर दिसले.

पहिला सरळ. ए-६ आणि ए-७ हे मोटरवे, लिआँवरून मार्सेला. १९७० मध्ये हा सलग झाला. त्याला फ्रेंच लोक 'सूर्याचा महामार्ग' म्हणतात. साधारण पावणेआठशे किलोमीटर, मर्यादा ताशी १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०. एका दिवसात समुद्र गाठता येतो, पण वाटेत दिसतात ते ट्रक आणि टोलनाके. एवढीच घाई असेल तर त्यांची टीजीव्ही गाडी आहे. २००१ मध्ये नवी लाइन सुरू झाल्यापासून ती पॅरिस-मार्से अंतर सव्वातीन तासांच्या आसपास कापते. तेवढ्यासाठी मोटार घेण्यात अर्थ नाही.

दुसरा जुना राष्ट्रीय रस्ता, एन-७. पॅरिसपासून इटलीच्या सरहद्दीवरच्या मांतोंपर्यंत जवळजवळ हजार किलोमीटर. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला आणि त्यानंतर गिरणीतला, कारखान्यातला माणूसही ह्याच रस्त्याने समुद्रावर जाऊ लागला. मोटरवे आल्यावर त्याचं महत्त्व गेलं. आता त्याचे बहुतेक तुकडे जिल्ह्यांकडे आहेत आणि नंबरही बदलले आहेत. गावागावांतून जातो, गमतीचा आहे, पण वेळ फार घेतो.

तिसरा आल्प्सचा. जिनिव्हाच्या सरोवरापासून नीसपर्यंत साधारण ७०० किलोमीटर, एकामागून एक खिंडी. त्यातली इझेराँची खिंड २७६४ मीटरवर आहे. बर्फामुळे हा रस्ता पूर्ण उघडतो तो उन्हाळ्यातच. तरुणांनी जावं, मोटारसायकलवाल्यांनी जरूर जावं. आईसाठी मी तो सोडला.

चौथा मधला, आणि तोच आम्ही घेतला. क्लेरमाँ-फेराँ ह्या गावापासून ए-७५ हा मोटरवे मध्य फ्रान्सच्या पठारावरून दक्षिणेला बेझियेपर्यंत उतरतो. साधारण ३४० किलोमीटर लांब आणि वाटेत ११०० मीटरच्या वर चढतो. विशेष म्हणजे एक मियोचा पूल सोडला तर त्यावर टोल नाही. सरकारने तो मागास डोंगरी भागाला जोडण्यासाठी फुकट ठेवला आहे.

इथे रेल्वेवाल्याची एक युक्ती सांगतो. गाडी पॅरिसमध्ये भाड्याने घेऊ नका. पॅरिसच्या गर्दीत, उजवीकडून चालवायचा पहिला धडा घेणं म्हणजे शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी यार्डात सोडणं. आम्ही पॅरिसच्या बेर्सी स्टेशनावरून रेल्वेने साडेतीन तासांत क्लेरमाँला गेलो, आईला डब्यात पाय मोकळे करता आले, आणि मोटार तिथे घेतली. गाव लहान, रस्ते मोकळे.

पॅरिसचे दोन दिवस सोडले तर आमच्या अकरा रात्री होत्या आणि मुक्काम फक्त पाच : क्लेरमाँला दोन रात्री, मियोजवळ दोन, उझेसला दोन, मूस्तिएला दोन आणि नीसला तीन. म्हणजे सामान बांधून निघायचे दिवस चारच. त्यातला एकही पल्ला अडीचशे किलोमीटरच्या वर नव्हता. बाकीचे दिवस मुक्कामाच्या आसपास.

क्लेरमाँच्या बाजूला शांत झालेल्या ज्वालामुखींची रांग आहे. २०१८ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यातल्या सर्वांत उंच प्वी-द-दोमवर, १४६५ मीटरवर, २०१२ पासून दात्यांच्या रुळाची गाडी जाते. आईला डोंगर चढावा लागला नाही आणि मला रॅक बघायला मिळाला. वरून आईने विवर, कडा, लाव्हाचा प्रवाह असं बोटाने दाखवून माझ्या मुलीचा तास घेतला!

पुढे ए-७५ वर गाराबीचा रेल्वे पूल. गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने १८८४ मध्ये पुरा केला, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्या पाच वर्षं आधी. लांबी ५६५ मीटर, कमानीचा गाळा १६५ मीटर, खालच्या नदीपासून उंची १२२ मीटर. मोटरवेवरच विसाव्याची जागा केली आहे, तिथून दिसतो. ह्या पुलाने मनोऱ्याची वाट दाखवली असं म्हणायला हरकत नाही. आपल्या चिनाब पुलाची कमान ४६७ मीटरची आहे, तो जून २०२५ मध्ये सुरू झाला. पण १८८४ मध्ये, रिव्हेट ठोकून, हे काम झालं हे डोळ्यांपुढे आणा.

मग मियो. ह्या गावात पूर्वी उन्हाळ्यात मोटारींच्या मैलोन्‌मैल रांगा लागत. डिसेंबर २००४ मध्ये तार्न नदीच्या दरीवरचा पूल खुला झाला आणि कोंडी सुटली. इंजिनिअर मिशेल व्हिर्लोजो, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर. लांबी २४६० मीटर, सात पिअर, आठ स्पॅन. मधले सहा ३४२ मीटरचे आणि टोकांचे दोन २०४ मीटरचे. सर्वांत उंच खांबाचं टोक ३४३ मीटरवर. पोलादी डेक दोन्ही बाजूंनी पुढे सरकवत, म्हणजे आपण ज्याला लाँचिंग म्हणतो त्या पद्धतीने, दरीच्या मध्यावर जोडला.

आता हिशेब बघा. ताशी ११० किलोमीटरने हा पूल ओलांडायला ऐंशी सेकंद लागतात. वाऱ्यासाठी कडेला तीन मीटर उंच अडसर आहेत, त्यामुळे गाडीतून दरीही नीट दिसत नाही. जगभरचे लोक ज्यासाठी येतात तो पूल ऐंशी सेकंदांत 'कव्हर' होतो! आम्ही मुक्काम खाली दरीत केला. पहिल्या संध्याकाळी नदीकाठी बसून पूल खालून बघितला, सकाळी धुक्यातून फक्त खांबांची टोकं वर आलेली बघितली. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. दुसऱ्या दिवशी तार्नच्या घळीतून गेलो. चारपाचशे मीटर उंच चुनखडीचे कडे, खाली हिरवं पाणी आणि त्यामधून एक अरुंद रस्ता. तिथे सरासरी ताशी पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही आणि जाऊही नये.

अशा रस्त्यांची निवड कशी करायची? मोबाइलचा नकाशा सर्वांत जलद रस्ता दाखवतो, सुंदर नाही. मिशेलिन कंपनीचे छापील नकाशे घ्या. ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ आहे तो निसर्गरम्य. आमची आखणी म्हणजे दुसरं काही नव्हतं : घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आई हिरवी रेघ शोधायची, मुलगी मोबाइलवर वेळ काढायची आणि मी त्या वेळेला दीडने गुणायचो. हा दीड म्हणजे आमचा इंजिनिअरिंग अलाउन्स.

उझेसजवळ पाँ द्यु गार हा रोमन लोकांचा पाण्याचा पूल आहे. पहिल्या शतकातला, तीन मजली, ४९ मीटर उंच. ह्या पुलावरून नीम शहराला जाणारा पाट पन्नास किलोमीटर लांब होता आणि एवढ्या अंतरात उतार फक्त साडेबारा मीटरच्या आसपास. म्हणजे चार हजारांत एक! आपल्या बोरघाटाचा चढ सदतिसात एक आहे. थिओडोलाइट नाही, लेव्हलिंग मशीन नाही, आणि ही लेव्हल. मी तिथे अर्धा दिवस घालवला. घरच्यांनी नदीत पाय सोडून मला माफ केलं.

तिथून प्रोव्हान्स. व्हालाँसोलच्या पठारावर जूनच्या उत्तरार्धापासून लॅव्हेंडरची शेतं जांभळी होतात. पुढे मूस्तिए आणि व्हेर्दोंची घळ, ठिकठिकाणी सातशे मीटर खोल. उत्तरेच्या काठावर २३ किलोमीटरचा एक फेरा आहे, त्यातला काही भाग एकेरी. वर गिधाडं घिरट्या घालतात. कठडे सगळीकडे नाहीत.

त्या दिवशी दुपारनंतर आम्हांला आणखी एक गाव करायचं होतं. घळीच्या तोंडाशी सँत-क्रुआचं सरोवर आहे, धरणाचं पाणी, निळं-हिरवं. तिथे चहा घेताना मुलीने माहितीच्या फलकावरून वाचून दाखवलं, की १९७० च्या दशकात हे धरण भरलं तेव्हा ले-साल नावाचं गाव पाण्याखाली गेलं आणि काठावर त्याच नावाचं नवं गाव वसवलं. आईने विचारलं, "जुनं गाव नेमकं कुठे होतं?" तिचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. ती तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. काठावरच्या बाकावर ती बसली आणि आजोळच्या घराची पडवी, नदीची वाट, गाव सोडताना आजीने तुळस कुंडीत कशी घेतली, हे सगळं नातीला सांगू लागली. ह्यातलं निम्मं मीही कधी ऐकलं नव्हतं. दोन तास गेले. पुढचं गाव राहिलं. त्या गावाचं नावसुद्धा मला आज आठवत नाही. वेळापत्रक घट्ट असतं तर मी घड्याळ बघून म्हटलं असतं, "आई, चला, उशीर होतोय." आणि ते आजोळ दुसऱ्यांदा बुडालं असतं.

शेवटचा पल्ला नेपोलियनच्या वाटेचा. एल्बा बेटावरून निसटून तो १ मार्च १८१५ रोजी गोल्फ-ज्युआँला उतरला आणि डोंगरातून सात तारखेला ग्रनोब्लला पोचला. त्या वाटेचा आज मोटाररस्ता आहे, कडेला गरुडाची चिन्हं. आम्ही तो उलटा, कास्तेलानहून ग्रासकडे आलो. घाट उतरताना एका वळणावर डोंगर बाजूला होतो आणि खाली समुद्र दिसतो. गाडी कडेला घेतली. आई बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "फळ्यावर मी ह्याला नेहमी निळ्या खडूने रंगवायची. खडू फिकाच होता." एवढंच.

नीसला तीन रात्री. त्यात एक दिवस गाडीला हात लावला नाही, ड्रायव्हरची साप्ताहिक सुटी. नीसहून दीन्यला १५१ किलोमीटरची मीटर गेज लाइन जाते, डोंगरातून, बोगदे आणि पूल ओलांडत. आपल्याकडे मीटर गेज जवळजवळ संपलं, तेव्हा तिथे डब्यात बसल्यावर जुनं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ह्या लाइनवर दरडीमुळे किंवा कामामुळे कधी कधी काही भाग बंद असतो, निघण्यापूर्वी स्टेशनावर विचारावं.

आता ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी भराभर सांगतो.

तयारी चार-पाच महिने आधी सुरू करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी देता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, राहण्याची बुकिंग, बँकेचं विवरण लागतं. आपल्यासारख्यांना ऑफिसची एनओसी आणि परदेशी जाण्याची रजा मंजूर करून घ्यावी लागते, तो कागद सर्वांत आधी टाका, कारण फाइल कुठल्या टेबलावर विसावा घेईल सांगता येत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. मोटारीचं भाडं आणि अनामत ह्यासाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. तिथे गियरच्या गाड्या जास्त, ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच तसं सांगा. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचा आकार किती, तेही विचारा.

तारखा निवडताना जुलैचा शेवट आणि ऑगस्ट टाळा. सगळा फ्रान्स तेव्हा समुद्राकडे निघतो, आपल्या दिवाळी-छटच्या गर्दीसारखा. 'बिझों फुते' नावाची सरकारी सेवा १९७६ पासून प्रत्येक दिवसाला रंग देते : हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा. काळ्या शनिवारी घराबाहेर पडू नये.

चालवताना उजवी बाजू. धोका मोठ्या रस्त्यावर नसतो. सकाळी पार्किंगमधून किंवा पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर, हात सवयीने डावीकडे वळतो. त्यासाठी आम्ही रेल्वेचीच पद्धत ठेवली. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, तसं दर वेळी गाडी सुरू करताना सौ. मोठ्याने म्हणे, "उजवीकडे", आणि मी उत्तर दिल्याशिवाय क्लच सोडत नसे. अकरा दिवस हा नियम मोडला नाही. चौकात फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्या. गावात फलक नसेल तर उजव्या बाजूने येणाऱ्याचा हक्क पहिला. गावात ५०, बाहेरच्या दुहेरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०. पंपावर वर्तुळातलं 'ई-१०' म्हणजे पेट्रोल आणि चौकोनातलं 'बी-७' म्हणजे डिझेल.

खाण्याचं म्हणाल तर दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ, ती गेली की खेड्यात काही मिळत नाही. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. भाजणी, मेतकूट न्या, पण तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ नेऊ नका, युरोपात ते बाहेरून आणायला मनाई आहे. नीसला हरभऱ्याच्या पिठाचं 'सोक्का' मिळतं. आईने एक घास घेतला आणि निकाल दिला : "बेसनाचं धिरडं. मिरची विसरलेत."

मित्रहो, आपण सगळे नोकरीसाठी गाव सोडून इतक्या दूर आलेले लोक. आपली रजा मोजकी, पैसा मोजका, म्हणून वाटतं की गेलोच आहोत तर सगळं बघून घ्यावं. मी उलट सांगतो. रजा मोजकी आहे म्हणूनच ठिकाणं कमी करा. आणि घरातलं जे माणूस सर्वांत हळू चालतं, त्याच्या वेगाने वेळापत्रक करा. फ्रान्सला जा, अमरकंटकला जा, नाहीतर कोकणात. ह्या वेगाने गेलात तर कोणालाही घरी ठेवून जावं लागत नाही.

आरतीची वेळ झाली, गाडी बरोबर वेळेवर आणली आहे.